आठ खांबांची जागा

या, जरा जपून. पायरीवर शेवाळ आहे. चपला इथेच काढा, कोणी नेत नाही. नेल्या तर माकडं नेतील, पण तीही उंबरापर्यंत जाऊन टाकून देतात.

आता तुम्ही विचारणार, हे मला ठाऊक आहे. आमच्या सावडोळीत येणारा प्रत्येक पाहुणा देवी पाणजाईला नमस्कार करतो, मागे वळतो आणि विचारतो, की या देवळासमोर आठ दगडी बैठका आहेत, नीट घडवलेल्या, वर खांबासाठी खाचा पाडलेल्या, मग खांब कुठे गेले? गेल्या महिन्यात एक साहेब आले होते. ते म्हणाले, निधी संपला असेल. मी म्हटलं, संपला नाही हो, खांब अजून उभे आहेत. फक्त इथे नाहीत, तिथे मागे राईत आहेत. पाला फुटलेले. चला, दाखवतो, पण आधी गोष्ट ऐका.

सात-आठ पिढ्यांपूर्वीची गोष्ट म्हणे. तेव्हा गावात मोठे मानकरी होते सोमाजी गावकर. आमच्याच घरातले, म्हणून त्यांच्याबद्दल बरंवाईट दोन्ही बोलायचा हक्क मला आहे. माणूस सरळ, कामाला वाघ, पण गावाच्या नावाला कोणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. त्या वर्षी कार्तिकातल्या जत्रेला अवकाळी सर आली. पालखी भिजली, देवाच्या तरंगकाठ्या भिजल्या, देवीच्या मुखवट्यावरून पाणी ओघळलं. शेजारच्या तिरोळे गावचे लोक जत्रेला आले होते. त्यांच्या देवळापुढे तीन वर्षांपूर्वीच मोठा लाकडी मंडप उभा राहिला होता. त्यांच्यातला कोणीतरी हसत म्हणाला, "गावकरांनू, देवीक एक छत्री तरी घेवा!"

झालं. सोमाजींना त्या रात्री अन्न गेलं नाही असं सांगतात. दुसऱ्या दिवशी गाव जमला आणि मंडप बांधायचं ठरलं. पाथरवट आले, पौषात या आठ बैठका बसल्या. खांबांसाठी राईतली आठ झाडं निवडली, किंजळ आणि ऐन, सरळसोट, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. देवीच्या राईतली काडीसुद्धा विचारल्याशिवाय उचलायची नाही, ही जुनी रीत. म्हाताऱ्यांनी म्हटलं, निदान कौल तरी लावू. सोमाजी म्हणाले, "देवीच्या घराक देवीचाच लाकूड, तिका इचारूचा काय?" आणि ते पटलंही सगळ्यांना. मलाही पटलं असतं.

ही आठही झाडं उभी होती झऱ्याच्या माथ्यावर. त्यातल्या सगळ्यात मोठ्या किंजळीच्या मुळांतूनच झरा बाहेर पडतो. सगळा गाव तेच पाणी पितो.

आता दुसऱ्या माणसाचं सांगतो, म्हणजे तुमच्या लक्षात येईल पेच कुठे होता. गाऱ्हाणं तुम्ही कोकणात कुठेतरी ऐकलं असेल. देवापुढे नारळ ठेवून एक जण गावाच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका सुरात म्हणतो, "होय म्हाराजा!" आमच्याकडे तो मान घाडी घराण्याचा. त्या काळी दाजी घाडी गाऱ्हाणं घालायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावाचं मागणं देवीच्या कानावर घातलं, पण त्यात स्वतःचा एक शब्द कधी मिसळला नाही. तसा नियमच आहे. तोंड घाड्याचं, शब्द गावाचा.

दाजींची एकुलती लेक आवडी. ती दिली होती तिरोळ्यात, त्याच मंडपवाल्या गावात. मंडपासाठी तिथल्या लोकांनी पाणवठ्यावरची झाडं तोडली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात पाणवठा आटला. तेव्हापासून माघ लागला की आवडी डोंगर उतरून, रिकामी घागर घेऊन माहेरी यायची. मूल पोटात असतानाही यायची. बापाच्या ओटीवर घटकाभर बसायची आणि पुन्हा चढ चढायची. एकदा ती म्हणाली, "बाबा, आमच्या मंडपात सगळो गाव बसता. पण बसलेल्या माणसाक तांब्याभर पाणी खंयसून देवचा?"

दाजी तसेच उठून सोमाजींकडे गेले. झाड गेलं की पाणी जाईल, एवढंच बोलले. सोमाजी चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "दाजी, पाणी काय झाडातसून येता? पाणी भुईतसून येता." आजच्यासारखी शास्त्राची पुस्तकं दाजींनी वाचली नव्हती. त्यांनी फक्त लेकीच्या कमरेवरची रिकामी घागर पाहिली होती. गाऱ्हाणं घालायला नकार द्यावा, तर दुसरा कोणी घालील आणि घराण्याचा मान जाईल. घालावं, तर त्यांच्याच तोंडून झाडं जातील आणि लेकीला हे एक पाणी उरलं होतं तेही जाईल.

माघी पौर्णिमेची सकाळ. सगळा गाव इथे, तुम्ही उभे आहात तिथे. कुऱ्हाडी परजून भिंतीला लावलेल्या. झाडं तोडण्याआधी देवीची क्षमा मागायची, म्हणून गाऱ्हाणं. दाजींनी नारळ ठेवला आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"गे माये पाणजाई, हो तुझो सगळो गाव आज तुझ्या पायांकडे इलो हा!"

"होय म्हाराजा!"

"पोरांबाळांक, गुरांढोरांक सुखी ठेव!"

"होय म्हाराजा!"

गाव आपल्या लयीत होता. कोणाचं लक्ष नारळाकडे, कोणाचं कुऱ्हाडीकडे, बायकांचं मागे खेळणाऱ्या पोरांकडे. गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही हो, होय म्हणायची वेळ तेवढी सगळ्यांना कळते. दाजींनी श्वास घेतला आणि सूर न बदलता पुढचं म्हटलं.

"परजलेल्यो कुऱ्हाडी आज तुझ्या पायांकडे ठेवतत!"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या राईतला हिरवा लाकूड हो गाव कधी तोडूचो नाय!"

"होय म्हाराजा!"

"झऱ्यावरचा झाड पोटच्या पोरासारख्या सांभाळतलो!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सोमाजींचा होता, असं सांगतात. मला यात अजिबात शंका नाही.

मग कुठेतरी एका बाईने दुसरीकडे पाहिलं. हळूहळू सगळ्यांना उमगलं, की आपण काय बोलून बसलो. देवीपुढे दिलेला शब्द, तोही एकदा नाही, तीनदा. सोमाजींचा चेहरा लाल झाला. "दाजी, ह्या काय केलंस तू?"

दाजी म्हणाले, "मी म्हटलंय. होय तुम्ही म्हटलास."

त्यावर कोणी हसलं नाही. दाजीही हसले नाहीत. त्यांनी देवीपुढे डोकं टेकलं आणि उठून गावाला सांगितलं, की गावाच्या गाऱ्हाण्यात मी माझा शब्द घुसवला, हा माझा गुन्हा. आजपासून हे तोंड गाऱ्हाणं घालणार नाही. चाळीस वर्षांचा मान त्यांनी नारळाशेजारी ठेवला आणि खाली घरी निघून गेले. झाडं वाचली, पण त्या सकाळी गावात कोणाला आनंद झाला नाही. आपली फसगत झाली, एवढंच सगळ्यांना वाटत होतं.

वैशाखात सोमाजी झऱ्यावर गेले. तिथे तिरोळ्याच्या बायका रांगेने बसल्या होत्या, पुढे आवडी, पाठीला तान्हं बांधलेलं. मानकरी दिसले तशा सगळ्या उठून बाजूला झाल्या. जत्रेतलं हसणं त्यांनाही आठवत असणार. सोमाजींना हवं ते बोलायची ही संधी होती. त्यांनी वैशाखातही वाहणाऱ्या धारेकडे पाहिलं, आवडीच्या रिकाम्या घागरीकडे पाहिलं, म्हणाले, "भरा गे, भरा," आणि तिथूनच दाजींच्या दारात गेले. म्हणाले, पुढच्या वर्षी गाऱ्हाणं तूच घाल, आणि ते शब्द त्यात असूदेत. दाजींनी नकारार्थी मान हलवली. शब्द राहूदेत, म्हणाले, पण ते तुम्ही म्हणा, उघडपणे, आधी गावाला सांगून. माझ्यासारखं चोरून नको.

सोमाजींनी दाजींकडून गाऱ्हाणं शिकून घेतलं. एवढा मोठा मानकरी, घाड्याच्या ओटीवर बसून पोरासारखा पाठ करायचा. मला आमच्या सगळ्या पूर्वजांत हे सोमाजीच आवडतात, ते याचसाठी.

तेव्हापासून गाऱ्हाणं आमच्या घरात आहे. हल्ली मी घालतो. त्यात नवं वाक्य घालायचं तर आठ दिवस आधी वाडीवाडीत वाचून दाखवावं लागतं. भांडणं होतात, होऊ देतो. महाप्रसादाची चूल पडलेल्या लाकडावरच पेटवायची, हे माझ्या आजोबांनी घातलं. जत्रेआधी प्रत्येक घराने झऱ्यातला गाळ एक घमेलं तरी उपसायचा, हे वडिलांनी. प्लास्टिकच्या पताका आणि थर्माकोलचं मखर मी बंद केलं, तेव्हा तरुण मंडळी वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. गेल्या वर्षीचं वाक्य होतं, राईच्या वरच्या अंगाला बोअर मारायची नाही. ती बोअर मारणार होता माझाच मुलगा, पाहुण्यांसाठी खोल्या बांधतोय ना. वाक्य म्हणताना समोर तोच उभा होता. आधी तो गप्प राहिला. मग त्यानेही होय म्हटलं.

गप्प राहिला म्हणजे काय, ते सांगायचं राहिलं. इतर गावांत गाऱ्हाण्याचं वाक्य संपायच्या आत "होय म्हाराजा" येतं. आमच्याकडे तसं होत नाही. आजही प्रत्येक वाक्यानंतर सावडोळीतला सगळा गाव एक श्वास थांबतो. आपण कशाला होय म्हणतोय, ते प्रत्येक जण आधी ऐकतो. नव्या पाहुण्याला वाटतं, लोक विसरले की काय. आम्ही विसरलेलो नसतो. त्या एका श्वासात देवळामागचं पाणी ऐकू येतं, आणि ते ऐकूनच आम्ही होय म्हणतो.