गप्प बसलेला गर्भ

फार जुनी गोष्ट. तांबू गाईच्या गर्भाशयात ठिपक्याएवढा एक गर्भ येऊन राहिला होता. त्याचा निम्मा तोंडवळा परक्या बैलाचा, म्हणून पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशीबाईला घाबरून तो गप्प पडून असे. गप्प बसणाऱ्याला कोणी हाकलत नाही, अशी त्याची समजूत होती.

सोळाव्या दिवशी पेशीबाई केरसुणी घेऊन आली. "कोणी आलेलं दिसत नाही. आज झाडून घ्यायचं, असा नियम आहे." नियम कोणी केला हे तिला ठाऊक नव्हतं, पाळायचा, एवढं पाठ होतं.

गर्भाने अंग आखडून घेतलं. त्याच्याच अंगातून पाझरलेला निरोप्या कण म्हणाला, "अरे, दडून राहिलास तर केराबरोबर जाशील! मला पाठव तिच्याकडे."

"आणि परका म्हणून तिने मारलं तर?"

"केरात जाऊन तरी काय जगणार आहेस?"

गर्भाने, डोळे फुटले नव्हते तरी, डोळे घट्ट मिटले आणि निरोप्याला सोडलं.

'मी इथेच आहे, परका म्हणून भीत होतो,' हा निरोप ऐकून पेशीबाईची केरसुणी थांबली. "इतके दिवस मूग गिळून बसला होतास होय? म्हणे परका! निम्मा आमच्या तांबूचाच आहेस की. थांब, अंथरूण जाड करते."

गर्भाने आखडलेलं अंग सैल सोडलं आणि तो चांगला वीतभर पसरला.