यल्लीच्या पाठीवरचा हात

खडकाळे गावाच्या उत्तरेला एक लहानशी टेकडी आहे. टेकडीवर खंडोबाचं ठाणं, आणि ठाण्यासमोरच्या दगडी ओट्यावर त्या काळी श्री हरबाजी महाराज बसलेले असायचे. ऊन असो, वारा असो, महाराज आपले तिथेच! डोक्याला जुनं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, आणि दोन्ही तळवे भंडाऱ्यानं कायम पिवळेधम्मक. महाराजांनी पोथी कधी हातात घेतली नाही की कीर्तनाला कधी उभे राहिले नाहीत. आलेल्याच्या कपाळी भंडारा लावायचा, त्याचं दुःख शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, एवढंच. पण ऐकायचे असं, की सांगणाऱ्याचं निम्मं दुःख सांगता सांगताच उतरायचं!

याच खडकाळ्याच्या शाळेत वेणूबाई पहिलीचा वर्ग शिकवत. ऐन तारुण्यात त्यांचे यजमान गेले होते, पदरी मूल नव्हतं. मग पहिलीतली चाळीसच्या चाळीस मुलं त्यांनी आपलीच मानली. शाळा सुटली की त्या टेकडी चढून जायच्या, ओटा झाडायच्या, महाराजांना नमस्कार करायच्या आणि काहीही न मागता खाली उतरायच्या.

आता पहिलीला शिकवणं म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यालाच ठाऊक! एकाची पेन्सिल हरवलेली, दुसऱ्यानं ती खाल्लेली. कुणी थुंकीनं पाटी पुसतंय, कुणाची 'ळ' काढताना जीभच बाहेर येतेय, तर कुणाला मधल्या सुट्टीआधीच भाकरीचा वास लागलाय. पण बाईंचा आवाज कधी चढला नाही. 'क' चुकला तर म्हणायच्या, “अरे, याचं पोट बघ की रे किती रिकामं! भर जरा.” आणि मुलगा हसत हसत 'क'चं पोट भरायचा.

त्या वर्षी गावची नवी विहीर खोदायला वडारांची काही कुटुंबं आली आणि माळावर पालं ठोकून राहिली. त्यांतली सात वर्षांची यल्ली रोज शाळेच्या कुडाबाहेर उभी राहून आत बघायची. बाईंनी एके दिवशी तिला हाताला धरून आत आणलं. पण पोर काही केल्या बोलेना! घरची बोली निराळी, शाळेची निराळी. फळ्याकडे पाहिलं की तिचे डोळे घाबरून खाली जायचे. मुलं कुजबुजायची, “बाई, ही मुकी आहे.”

बाईंनी मग वेगळीच युक्ती काढली. यल्लीला पुढ्यात पाठमोरी बसवायची, तिच्या पाठीवर बोटानं सावकाश अक्षर काढायचं, आणि म्हणायचं, “आता हेच पाटीवर काढ.” पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी यल्लीच्या पाटीवर वाकडातिकडा, पण चांगला ठसठशीत 'ग' उमटला! बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं तर बोट फिरवायचीही गरज उरली नाही. बाई नुसता पाठीवर हात ठेवून शब्द सांगायच्या आणि यल्ली भराभर लिहायची.

शाळेचे हेडमास्तर होते रावजी गुरुजी. माणूस हुशार, अक्षर तर मोत्यासारखं! पंचक्रोशीतले लोक अर्जविनंत्या त्यांच्याकडूनच लिहून न्यायचे. पण त्या अक्षराचा गुरुजींना गर्व फार. एकदा ते पहिलीच्या दारात येऊन उभे राहिले, नि बाईंचा हात यल्लीच्या पाठीवर पाहून मोठ्यानं हसले.

“वेणूबाई, हा वर्ग आहे की मालिशवाल्याचं दुकान?”

वर्गात खसखस पिकली. बाई म्हणाल्या, “गुरुजी, तिला असंच समजतं हो. बघा ना, किती छान लिहिते.”

“पाठीवर गुरं हाकतात, बाई! अक्षरं फळ्यावर शिकवतात. अन् ही दगडफोड्यांची पोर, विहिरीला पाणी लागलं की उद्या दुसऱ्या गावाला जाईल. तुमच्या त्या टेकडीवरच्या बाबानं सांगितलं वाटतं हे?”

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. स्वतःचा अपमान त्यांनी गिळला, पण महाराजांचं नाव तसं घेतलेलं त्यांना फार लागलं.

अशात बातमी आली, की येत्या सोमवारी तपासनीस साहेब शाळा तपासायला येणार! शाळा सारवली, तोरणं लागली, मुलांची नखं कापून झाली. तेव्हा रावजी गुरुजींनी बाईंना बोलावून घेतलं.

“साहेब आले की वर्गाच्या शिक्षकानं बाहेर थांबायचं, हा नियम तुम्हाला माहीत आहेच. फळ्यापाशी पहिल्यांदा मी त्या यल्लीला उभी करणार. तिला आलं तर आलं. नाही आलं, तर तिचं नाव पटावरून जाईल, आणि पहिली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल.”

बाई वर्गात परतल्या. यल्लीला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः दारापर्यंत मागे गेल्या. “लिही बाळ, घर.”

यल्लीनं खडू फळ्याला टेकवला. हात तिथंच थांबला! बाई जवळ आल्या, पाठीवर हात ठेवला. यल्लीनं झरझर 'घर' लिहिलं. बाई पुन्हा लांब गेल्या. हात पुन्हा थांबला.

तेव्हा कुठं बाईंना आपली चूक कळली. हात द्यायचं त्यांना सुचलं होतं, पण तो हळूहळू काढून घ्यायचा राहूनच गेला होता! पुढचे तीन दिवस त्यांनी परोपरीनं करून पाहिलं. पण हात निघाला की पोरीचा खडू अडायचा, आणि ती अशी भेदरून मागे वळून बघायची, की बाईंचं काळीज तुटायचं.

रविवारी दुपारी बाई टेकडी चढल्या. ओटा झाडला आणि झाडू हातात तसाच धरून रडू लागल्या.

“महाराज, आजवर मी काही मागितलं नाही. माझं जाऊ दे, मी दळणकांडण करीन. पण माझ्या चुकीपायी त्या पोरीची पाटी सुटेल हो! एकदा सुटली तर तिला पुन्हा शाळेत कोण बसवणार?”

महाराज म्हणाले, “चूक कसली गं माय? हाताला धरल्याबिगर कोण चालायला शिकलंय?”

“पण उद्या मला दाराबाहेर थांबायचंय.”

“थांब की. तुझा हात थकला आसंल. उद्या त्याला सुट्टी दे.” एवढं बोलून महाराजांनी बाईंच्या कपाळी भंडारा लावला आणि डोळे मिटून घेतले.

सोमवार उजाडला. साहेब आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. बाई दाराबाहेर, कुडाला टेकून उभ्या. त्यांचे ओठ सारखे हलत होते. आत रावजी गुरुजींनी हाक मारली, “यल्ली, फळ्याकडे चल!”

काळं पोलकं आणि आईचं जुनं लुगडं फाडून शिवलेला परकर घातलेली यल्ली फळ्यापाशी गेली. साहेब माणूस भला होता. ते म्हणाले, “बाळ, तुला जे येतं ते लिही.”

यल्लीनं खडू टेकवला. हात थांबला. गुरुजींनी साहेबांकडे पाहून हलकेच मान हलवली, जणू म्हणत होते, बघा, मी सांगत नव्हतो? यल्लीनं मागे वळून दाराकडे पाहिलं. बाई दिसत होत्या, पण किती लांब!

आणि एकाएकी यल्लीचे खांदे सैल झाले. चेहऱ्यावरची भीती पार मावळली. थंडीत उन्हाची तिरीप पाठीवर यावी तशी ती किंचित मागे रेलली, फळ्याकडे वळली आणि लिहू लागली! आई दगड फोडते. मग जरा विचार करून त्याखाली लिहिलं, मी वाचते.

“वाचून दाखवशील?” साहेबांनी विचारलं.

आणि काय आश्चर्य! साऱ्या वर्षात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती पोर खणखणीत आवाजात म्हणाली, “आई दगड फोडते. मी वाचते!”

बाहेर बाईंनी पदरात तोंड लपवलं. साहेबांनी खुर्चीतून उठून शाबासकी दिली, वर्ग उत्तम असल्याचा शेरा लिहिला आणि ते पुढच्या गावाला निघून गेले. यल्ली आपल्या जागेकडे वळली तेव्हा इतका वेळ साहेबांपुढं गप्प बसलेला मागच्या ओळीतला एक मुलगा ओरडला, “बाई, हिची पाठ बघा!”

काळ्या पोलक्यावर पिवळ्याधम्मक भंडाऱ्याचा पंजा उमटला होता! पाचही बोटं स्पष्ट, मोठ्या माणसाच्या हाताएवढी. तिच्या आसपास तर कुणी फिरकलंही नव्हतं.

बाईंनी तिथंच हात जोडले. रावजी गुरुजी मात्र लालबुंद झाले. “ही लबाडी आहे! त्या बाबानं काहीतरी करून हिच्याकडून लिहून घेतलंय. चला, आत्ताच्या आत्ता विचारतो त्याला!” आणि टोपी सावरत ते टेकडीच्या वाटेला लागले. मागोमाग यल्लीचा हात धरून बाई आणि त्यांच्यामागे सगळी पहिली.

वर ओट्यावर भलतंच दृश्य! महाराज उजवा हात समोर, हवेत, तळवा उघडा असा धरून बसले होते. म्हातारा हात थरथरत होता. शेजारी बसलेला गुरव त्यांच्या कोपराखाली आपल्या पागोट्याची गुंडाळी लावू पाहत होता.

“अहो, सकाळपासून हे असंच!” गुरव सांगू लागला. “म्हटलं महाराज, हात खाली घ्या, दुखंल. तर म्हणाले, जरा थांब, पोर लिहितीय.”

यल्ली दिसताच महाराजांनी हात खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि लहान मुलासारखे हसले. “झालं का गं लिहून? लई वेळ लावलास की!”

“म्हणजे कबूल करता तुम्ही!” गुरुजी कडाडले. “अक्षरं तुम्ही पुरवलीत. पोरीला काहीएक येत नाही.”

महाराज म्हणाले, “गुरुजी, मी कुठली अक्षरं पुरवणार? मला सोताचं नावबी लिवता येत नाही.”

“थापा नकोत! हे वाचा बरं, मग कळेल.” असं म्हणून गुरुजींनी रागाच्या भरात खिशातला हाती लागला तो कागद महाराजांपुढं धरला. महाराजांनी तो घेतला, उलटा धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

“झ्याक मुंग्या हाईत!” ते कौतुकानं म्हणाले. “कशा वळीनं चालल्यात! पण कुठं निघाल्यात, ते काय मला उमगंना. पोरी, बघ बरं तू. ही शेवटची वळ.”

बाईंचा हात सोडून यल्ली पुढं झाली आणि तिनं कागद घेतला. बाईंचा हात तिच्यापासून चार पावलांवर. महाराजांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर. यल्लीनं बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत वाचू लागली.

“या... मु-ली-ला... मुलीला... क-धी-ही... वाचता... ये-णार... नाही.”

वाचून झालं. तो कागद म्हणजे साहेबांना देण्यासाठी गुरुजींनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला शेरा होता!

यल्लीनं वर पाहिलं. तिला भारी वाईट वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, “बाई, कोण मुलगी ही? तिला आपण शिकवू या ना.”

रावजी गुरुजींनी पुढं होऊन तो कागद यल्लीच्या हातातून अलगद काढून घेतला.

“अशी मुलगी कुणी नाही, बाळ,” ते कसंबसं म्हणाले. “ते मी चुकीचं लिहिलंय.”

आणि गुरुजी महाराजांच्या पायांशी वाकले. पण महाराजांनी पाय घोंगडीखाली घेतले आणि हनुवटीनं वेणूबाईंकडे खूण केली. मग तो ताठ मानेचा माणूस आपल्या शाळेतल्या चाळीस मुलांसमोर टोपी काढून वळला आणि बाईंपुढं गुडघे टेकून त्यानं कपाळ जमिनीला लावलं. बाई बावरून मागे सरल्या. “अगंबाई, गुरुजी, हे काय! उठा हो, उठा!” पण गुरुजी कितीतरी वेळ उठलेच नाहीत.