फळा वाचून दाखवणारी मैत्रीण

एका गावात मालन आणि शेवंता नावाच्या दोन मुली शाळेत एकाच बाकावर बसत. आज दोघींनाही नातवंडं आहेत. तरी शाळेचा विषय निघाला की मालनच्या डोळ्यांपुढे तेच बाक येतं. शाईच्या डागांनी माखलेलं, एका पायानं लंगडं. कुणी जरा हललं की ते डुगडुगायचं आणि दोघी खुदकन हसायच्या. काय ते दिवस होते!

पहिलीत पाटीवरून दोघींची भांडणं जुंपली. दुसरीत गट्टी जमली. तिसरीत डबा एक झाला, शेवंताची भाकरी आणि मालनचं कोरड्यास. शाळा सुटल्यावर ओढ्याच्या दोन बांधांवरून एकमेकींना हात करायचा नेमही पडला. चौथीत शेवंताला फळ्यावरची अक्षरं पुसट दिसायला लागली. तिनं हे फक्त मालनला सांगितलं आणि कुणाला म्हणून सांगणार नाही, अशी गळ्याची शपथ घ्यायला लावली. कारणही तसंच होतं. तिच्या थोरल्या बहिणीला चष्मा लागला, तेव्हा "पुस्तकांनी पोरीचे डोळे घालवले," म्हणून आजोबांनी तिची शाळाच बंद केली होती.

मालन शब्दाची पक्की. फळ्यावरचं ती रोज हळू आवाजात वाचून दाखवायची, शेवंता लिहून घ्यायची. गुरुजींना वाटे, या पोरी भारीच बडबड्या. छड्या दोघी वाटून खायच्या. मालनला त्याचा कोण अभिमान! अशी तीन वर्षं भुर्रकन उडून गेली.

सातवीत मालनला गोवर आला. पंधरा दिवसांनी ती शाळेत आली, शेवंताची वही उघडून बघते तो काय, पंधरा दिवसांची पानं कोरी. त्यातच नव्या गुरुजींनी सांगितलं, वार्षिक परीक्षेला हजेरीच्या क्रमानं लांब लांब बसायचं आणि प्रश्न फळ्यावर लिहिले जातील. शेवंता नापास झाली तर तिची शाळा संपणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"तू जरा मोठ्यानं पुटपुट. मी कान देऊन ऐकीन," शेवंता म्हणाली.

मालनला त्या दिवशी घास गोड लागला नाही. इतकी वर्षं आपण मैत्रिणीला मदत केली की तिचं दुखणं झाकून ठेवलं, हेच तिला कळेना. सांगावं तर शपथ मोडते आणि मैत्रीण तुटते. न सांगावं तर तिची शाळा जाते. शेवटी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती गुरुजींपुढे उभी राहिली आणि रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं.

गुरुजी संध्याकाळीच शेवंताच्या घरी गेले. आजोबा ओसरीवर चष्मा लावून पोथी वाचत बसले होते.

"आजोबा, तुमचे डोळे या पोथीनं गेले का हो?" गुरुजींनी विचारलं.

"काय बोलता, गुरुजी! वयानं गेले."

"मग पोरीचे पुस्तकानं कसे जातील?"

आजोबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात घेतला. पोथी मिटून म्हणाले, "उद्याच तालुक्याला नेतो तिला."

चष्मा आला. शाळाही राहिली. पण शेवंता मालनशी बोलेना. "शपथ मोडलीस तू," एवढंच म्हणाली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. मालननं आठ दिवस एकटीनं डबा खाल्ला. परीक्षेत नापास झाले असते तरी इतकं वाईट वाटलं नसतं, असं तिला वाटे.

नवव्या दिवशी शाळा सुटली. दोघींच्या वाटा ओढ्यापाशी वेगळ्या होत. मालन नेहमीसारखी पलीकडच्या बांधावर थांबली आणि तिनं हात उंच करून हलवला. लांबवर शेवंतानं सहज मागं वळून बघितलं आणि ती जागीच थबकली. मग दप्तर सावरत धावतच माघारी आली.

"अगं, तू अजून हात करतीस? मला वाटलं, कधीच सोडून दिलंस."

"रोज करते."

"मला दिसत नव्हतं, तरी? मी बोलत नव्हते, तरी?"

"म्हटलं, एक ना एक दिवस दिसंल तुला."

शेवंता तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. नवा चष्मा पार ओला झाला.

तात्पर्य: मैत्रिणीची अडचण झाकणं सोपं असतं. ती दूर करण्यासाठी तिचा रुसवाही जी सोसते आणि तरी माया आटू देत नाही, तीच खरी मैत्रीण.