मानाची आसनं

त्या राज्याला सीमा नव्हत्या, चाकं होती. सगळी प्रजा एका अवाढव्य रथात राहायची. रथाला चढ चढून डोंगरमाथ्यावरचं तळं गाठायचं होतं, कारण रांजणांनी तळ दाखवायला सुरुवात केली होती.

रथ चौघं ओढत: खाणीतलं लोखंड आणणारा हत्ती, शेतं नांगरणारा बैल, कापडासाठी लोकर देणारा मेंढा आणि विटा वाहणारं गाढव, भुऱ्या. भुऱ्याला आयुष्यात एकदा तरी रथात बसायचं होतं. तिथली मानाची आसनं मागे तोंड करून मांडलेली असत, किती वाट कापली ते मानकऱ्यांना दिसावं म्हणून.

एके दिवशी दरबारी पोपटाने विचारलं, "ज्याच्या जिवावर राज्य चालतं, त्याने पायी चालावं हे बरं दिसतं का?"

कुणालाच ते बरं दिसेना. हत्तीला हार घालून वर बसवलं. खालच्या तिघांचे गुडघे वाकले, रथ मंदावला. चाल भारदस्त झाल्याचं पोपटाने जाहीर केलं. पुढे बैल बसला, मग मेंढाही.

भुऱ्या एकटा उरला. दिवसभर ओढून रथ वीतभर सरकायचा. संध्याकाळी चाकामागे दगड लावून तो आडवा व्हायचा. त्याला संताप यायचा, पण हारांचा वास त्याहून जास्त यायचा.

अखेर पोपट त्याच्यापाशी आला. "भुऱ्याराव, एकट्याने राज्य ओढलंत. चला वर."

"मग ओढणार कोण?"

"आधी मान तर घ्या. शंका मागाहून."

भुऱ्या हरखला. पायरी उंच होती, म्हणून सेवकांनी चाकामागचा दगड काढून त्याच्या पायाशी ठेवला. त्यावर खूर टेकवून तो चढला, आसनावर बसला. जड चाकं क्षणभर घुटमळली. मग झाडं सरकू लागली, आधी हळू, नंतर भरभर. समोरून वाट धावत येऊ लागली.

"बघा," हत्ती म्हणाला, "आपण सगळे बसलो तेव्हा कुठे रथाला गती आली."

प्रजेने टाळ्या वाजवल्या. इतका वेग राज्याने कधीच पाहिला नसल्याचं पोपटाने जाहीर केलं.

भुऱ्याने हारातलं एक फूल चघळत समोर पाहिलं. धुळीत ठसे होते, त्याच्याच खुरांचे, रथाकडे तोंड केलेले. थोड्या वेळाने त्यांच्या शेजारी मेंढ्याचे दिसू लागले. मग बैलाचे. मग हत्तीचे.