तू कुठं उभी होतीस?

“मग ह्यात माझं असं काहीच नाही का, मास्तर?”

समिधाने हे विचारलं तेव्हा तिच्या फोटोंचा गठ्ठा कासममास्तरांच्या मांडीवर होता, आणि मास्तरांनी अजून एक शब्दही उच्चारला नव्हता.

गडहिंग्लजला मास्तरांचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. कॅमेरा कसा धरायचा हे समिधा तिथंच शिकली. मग ती पुण्याला गेली, दोन बक्षिसं मिळाली, नाव झालं. सहा वर्षांत मास्तरांकडे फिरकली नव्हती.

आज आली होती ती अडली म्हणून. कोल्हापूरच्या एका कलादालनात तिचं पहिलं प्रदर्शन अकरा दिवसांवर आलं होतं. दालन चालवणाऱ्या बाईंनी फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, की काम चांगलं आहे, पण वीस फोटो वीस जणांनी काढल्यासारखे वाटतात.

तेव्हापासून तिला चैन नव्हतं. सगळे फोटो कृष्णधवल करून पाहिले. मग रंग भडक केले. नवी लेन्स घेतली, आठवड्यात विकून टाकली. आत्ताही खुर्चीत बसल्या बसल्या ती लेन्सचं झाकण काढत होती, लावत होती.

मास्तरांनी वरचा फोटो उचलला. त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“उलटा धरलाय तुम्ही,” ती म्हणाली.

“असेल.”

…

“काचबिंदू,” मास्तर म्हणाले. “तीन वर्षं झाली. उजेड तेवढा कळतो. तू सांग, मी ऐकतो.”

तिला उठून जावंसं वाटलं. लाज वाटली, की आपण साधी चौकशीही केली नाही. आणि चीडही आली. ज्याला दिसत नाही तो माझी शैली काय सांगणार?

तरी ती सांगू लागली. धुकं कसं पसरलंय, शटर किती वेळ उघडं ठेवलं, उजव्या कोपऱ्यातला उजेड…

मास्तरांनी हात वर केला. “कोण आहे?”

“घाटावर भांडी घासणारी बाई.”

“तू कुठं उभी होतीस?”

“पुलावर.”

मास्तरांनी पुढचा फोटो तिच्या हातात दिला. तालमीतले पैलवान तिने समोरच्या शाळेच्या गच्चीवरून टिपले होते. नवरीला पडद्याआडून. वीटभट्टीवरची माणसं गाडीत बसून, काचेतून. दर वेळी मास्तर तेच विचारत. सातव्या फोटोपासून ती विचारायच्या आधीच सांगू लागली. आवाज मात्र बारीक होत गेला.

शेवटचा फोटो गठ्ठ्यात चुकून आला होता. हा प्रदर्शनातला नाही, असं ती म्हणाली. मास्तर तो तसाच तिच्यापुढे धरून थांबले.

“अण्णा आहेत. माझे वडील,” ती म्हणाली. “अर्धांग झाल्यानंतरचा आहे. खिडकीशी बसलेत.”

“तू?”

“घरामागच्या परड्यात. पपईच्या झाडामागं.”

…

मास्तरांनी तिचा कॅमेरा मागितला. डोळ्याला न लावता छातीशी धरला, तिचा आवाज येत होता तिकडे रोखला. खुर्ची करकरली. खटका वाजला.

“मागं सरलीस,” ते म्हणाले.

समिधा तडकली. किती फुटांवर उभं राहायचं हे विचारायला मी आले नव्हते, असं म्हणून तिने फोटो गोळा केले. मास्तरांनी कॅमेरा तेवढा तिच्यापुढे धरला. त्याचा तिला जास्तच राग आला.

स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. ती गावाकडच्या, नेसरीच्या गाडीत बसली.

नेसरीच्या घरात आई आणि अण्णा दोघंच राहत. समिधा अधूनमधून यायची, स्वयंपाकघरात आईजवळ बसायची, निघताना अण्णांच्या खोलीच्या दारातून विचारायची, बरं आहे ना? अण्णांचं बोलणं गेलेलं. उत्तर यायचं नाही, आणि ती निघायची.

ह्या वेळी आई अण्णांची दाढी करायला बसली होती. समिधाने तिच्या हातून रेझर घेतला. वडिलांच्या गालाला तिने शेवटचा हात कधी लावला होता, तिलाच आठवेना. हनुवटीखाली कापलं. तिने हात झटकन मागे घेतला.

अण्णांनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं, आणि रेझर परत गालाला लावला.

तिसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे आली. गठ्ठा आणला नव्हता. कॅमेऱ्यात एकच फोटो होता.

“अण्णा आहेत,” तिने सांगायला सुरुवात केली. “नुकतीच दाढी केलेली. हनुवटीखाली कापलंय, ते दिसतंय. कॅमेऱ्याकडे बघतायत.”

“तू कुठं उभी होतीस?”

…

“उंबऱ्यात.”

मास्तर पुढे झुकले.

“दाढी करताना त्यांचा श्वास लागत होता मला, इतकी जवळ होते. कॅमेरा हातात घेतला आणि पाय आपोआप मागं गेले. परत आत गेले, परत मागं आले. तीनदा.”

दालनातून फोन येत होता. तिने तो बंद केला. उठली, खिडकीपर्यंत गेली, पुन्हा येऊन बसली.

“पुलावरून काय, गच्चीवरून काय, सगळीकडे हेच आहे,” ती म्हणाली. “वीसच्या वीस फोटोंत. आता दुसरं काही दिसतच नाही मला. ह्या अंतराचं मी करू काय, मास्तर?”

मास्तरांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“फोटोग्राफर ना तू?” ते म्हणाले. “त्याचाच काढ.”