बाकावरची जागा

“पण याहून खोल कसं जायचं, आबा? तेवढंच विचारायला आलोय.”

आमोस भालेराव तालुक्याच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. वय चाळिशीच्या आतलं. आजाऱ्याचं घर असो की लग्न, प्रार्थनेला लोक त्यालाच बोलवत. त्याच्यासारखी प्रार्थना कुणाला जमत नाही, असं म्हणत. हे त्यालाही ठाऊक होतं.

ज्यांना तो विचारत होता ते एलिया पाटोळे. आमोसला त्यांनीच घडवलं होतं. आता निवृत्त होऊन ते खेड्यातल्या जुन्या दगडी चर्चला लागून असलेल्या खोलीत राहत.

चर्च रिकामं होतं. आमोस पहिल्या बाकावर मधोमध बसला होता. आबा समोर उभे.

“पहाटे उठतो. शुक्रवारी उपास धरतो. स्तोत्रं तोंडपाठ आहेत. तरी वर्ष झालं, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. माझ्या प्रार्थनेनं लोक रडतात. मी मात्र कोरडा.”

“कर बरं एकदा.”

आमोसनं डोळे मिटले. आजाऱ्यांसाठी केली. विधवांसाठी केली. पोटासाठी परगावी गेलेल्या पोरांसाठी, राज्य चालवणाऱ्यांसाठी केली. शेवटी वैऱ्यांसाठीही केली, सगळ्यांसाठी मिळून एकदम.

प्रार्थना सुंदर झाली. त्यानं डोळे उघडले.

“थोडा सरक,” आबा म्हणाले.

त्यांना बसायचं असेल, असं वाटून आमोस सरकला.

“अजून.”

तो बाकाच्या टोकाला गेला. आबा बसले नाहीत. बाक रिकामाच राहिला.

“कोण यायचंय?”

“ते तुला माहीत.”

आमोस त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

“याकोब,” तो म्हणाला.

याकोब शिंदे आणि आमोस यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला होता. पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून मंडळी उभी केली. मागच्या वर्षी बोलाचाली झाली आणि याकोब निम्मी कुटुंबं घेऊन बाहेर पडला. पलीकडच्याच गल्लीत त्यानं नवी सभा सुरू केली. रविवारी दोन्हीकडचे कर्णे एकमेकांवर गात.

“त्याच्यासाठी कशी करू, आबा? चूक त्याची आहे.”

“असेल.”

“घरं फोडली त्यानं. बाप एका चर्चला जातो, लेक दुसऱ्याला.”

“हो.”

“मग?”

“खोल कसं जायचं ते तू विचारलंस.”

आबा बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं.

याकोबचं नाव घेऊन प्रार्थना केल्याशिवाय इथून उठायचं नाही, असं आमोसनं ठरवलं.

“प्रभू, वाट चुकलेल्या तुझ्या लेकराला...” इथंच तो थांबला. हे त्याला स्वतःलाच पटेना. “त्याला सुबुद्धी दे,” असं म्हणून पाहिलं. तेही अर्ध्यावर सोडलं. मग त्याला राग आला. वर्षभर देवाला जे सांगितलं नव्हतं ते तो बोलून गेला. रविवारी रिकाम्या दिसणाऱ्या सतरंज्यांचं बोलला. एकटा पडल्याचं बोलला. बोलता बोलता शेवटी तोंडात नुसतं नाव उरलं. याकोब.

तो बाहेर आला तेव्हा आबा ओट्यावर मेथी निवडत होते.

“नाव घेतलं. पुढं शब्द येईना. आमेन म्हणून प्रार्थना संपवायला गेलो, तेही निघेना.”

“इथं नाही निघायचं ते. त्याच्या दारात जाऊन म्हण.”

आमोसचा चेहरा उतरला.

“त्यानं हाकललं तर?”

आबा मेथी निवडत राहिले.

आमोसनं पिशवी उचलली आणि दुपारची एसटी धरली.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. उन्हानं रापला होता. आबांनी पाणी दिलं, ते प्यायला आणि खाली बसला.

“रोज गेलो, आबा. त्याची बायको दारात येते. घरी नाहीत म्हणते. चपला दारातच असतात त्याच्या.”

“मग तू काय करतोस?”

“ओट्यावर बसतो. पहिल्या दिवशी लाज वाटली. आमच्याच मंडळीची माणसं जाता-येता बघत होती. एकानं विचारलं, पाळकसाहेब, तुम्ही इथं? काय सांगणार?”

“काय सांगितलंस?”

“काही नाही. बसून राहिलो.”

आमोसनं तोंडावरचा घाम पुसला.

“काल वहिनींनी पाणी आणून दिलं. आतून खोकल्याचा आवाज येत होता. त्याचाच. दमा आहे त्याला. रात्र रात्र मी त्याची पाठ शेकलीय. वर्षभरात एकदाही आठवलं नव्हतं मला.”

आबांनी पाण्याचा तांब्या पुन्हा त्याच्यापुढं सरकवला.

“उद्या परत जाणार. दार उघडो, न उघडो. तेवढं आता पक्कं आहे. पण एक विचारायचंय.”

“विचार.”

“तिथं बसल्यावर मला काही बोलताच येत नाही. एवढी वर्षं प्रार्थना केली, आणि आता एक वाक्य जुळत नाही. घरीही तसंच. गुडघे टेकतो, तर त्याचा खोकलाच कानात येतो. मी गेलो होतो प्रार्थना वाढवायला, आबा. होती तीही बंद पडली...”

“आमेन म्हटलंस?”

“नाही. अजून नाही.”

“मग बंद कशी पडली?”