मेणाचं फूल

सावरीचं रान पाहिलेल्या माश्या अजून हयात होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कपारीतल्या एका पोळ्यात वेणूआक्का नावाची म्हातारी मधमाशी पोरींना मध गोळा करायचं कसब शिकवायची. त्यासाठी तिने मेणाचं सावरीचं फूल घडवलं होतं. पोरगी नीट आत उतरली की तिच्या सोंडेला मधाचा थेंब लागायचा, चुकली तर काहीच नाही.

पुढे सावरी तुटल्या आणि माळावर तुरीची शेतं आली. मेणाच्या फुलावर तरबेज झालेल्या पोरी शेतातून मात्र उपाशी परतू लागल्या. पोळ्यातला मध तळाला गेला.

"तुमचं कामात लक्ष नाही," आक्का म्हणाली.

"आक्का, सावरीचं फूल वाडग्यासारखं उघडं असतं," कुसुंबी नावाची पोरगी हळूच बोलली. "तुरीचं तोंड मिटलेलं. ते कसं उघडायचं, हे आम्हाला ठाऊकच नाही."

आक्का स्वतः शेतात गेली. कितीतरी फुलांवरून घसरली. शेवटी खालच्या पाकळीवर भार देऊन बसली, तेव्हा फूल उघडलं.

घरी येऊन तिने आपलं लाडकं फूल चावून मऊ केलं. जिवावर आलं, पण केलं. त्याच मेणातून तुरीचं फूल घडलं, खालची पाकळी दाबली की उघडणारं. पोरी त्यावर शिकल्या आणि पोळं पुन्हा भरू लागलं.

"आक्का, याला राळ फासू का? कायमचं टिकेल," कुसुंबीने विचारलं.

आक्का समाधानाने पंख पुसत म्हणाली, "नको गं. मऊच राहू दे. उद्या माळावर काय फुलेल, कुणी सांगावं?"